घरशाळेतला खेळाचा तास: दोरी, लंगडी, लगोरी

होमस्कूलिंग करणाऱ्या घरांत गणिताची आणि भाषेची आखणी बहुतेक वेळा नीट झालेली असते. शारीरिक शिक्षणाची गाडी मात्र दोनपैकी एका रुळावर जाते. एक तर "जा, खाली खेळून ये" म्हणून विषय संपवला जातो, नाहीतर आई किंवा बाबा समोर उभे राहून हात वर, हात खाली अशी कवायत घेतात आणि आठवड्याभरात मुलाच्या पोटात दुखायला लागतं.

मूल खेळाला कंटाळतं ते निकाल आधीच ठाऊक असतो म्हणून. सारखं जिंकलं तरी कंटाळतं, सारखं हरलं तरी. तेव्हा तास घेणाऱ्या मोठ्या माणसाचं खरं काम म्हणजे खेळ मुलाच्या बेताचा करत राहणं. रेघ अर्धं पाऊल पुढे घ्यायची, चेंडू थोडा मोठा द्यायचा, वेळ पाच सेकंदांनी कमी करायचा. दहातले सहा-सात प्रयत्न जमले आणि तीन-चार फसले, की मूल स्वतःच "अजून एकदा" म्हणतं. आमच्या मते या तासाची सगळी गंमत एवढ्या एका गोष्टीत आहे.

वेळेचं बोलायचं तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू आणि हाडं बळकट करणारे प्रकारही त्यात असावेत. ही ६० मिनिटं सलग भरायची गरज नाही. सकाळी २० मिनिटं दोरी आणि सूर्यनमस्कार, अकराच्या सुमाराला अभ्यासातून उठवून १० मिनिटं लंगडी, संध्याकाळी अर्धा तास खाली मुलांबरोबर, अशी विभागणी घरशाळेला सहज जमते. मधली १० मिनिटं कधीही वगळू नका. दोन तास बसून गणितं करणाऱ्या मुलाला त्यांची सगळ्यात जास्त गरज असते.

दोरीपासून सुरुवात करू, कारण ती स्वस्त आहे, जागा कमी लागते आणि तिथेच सगळ्यात जास्त चुका होतात. दोरीच्या मधोमध एक पाय ठेवून दोन्ही टोकं ताणून वर धरा. टोकं मुलाच्या काखेपर्यंत आली पाहिजेत. नवशिक्याला दोन-तीन बोटं जास्त चालतील. दोरी लांब झाली की जमिनीवर लोळते आणि पायात अडकते, आखूड झाली की मूल वाकून उड्या मारायला लागतं. दुकानात मिळणारी बारीक तारेची दोरी सुरुवातीला नको. तिचं वजन हाताला कळत नाही आणि पायावर बसली की चरचरते. साधारण बोटभर जाडीचा सुती दोर घ्या, टोकांना घट्ट गाठी मारा, काम भागतं.

आता शिकवायचं कसं? आधी दोरीशिवाय. मूल जागच्या जागी लहान उड्या मारतं आणि तुम्ही टाळ्या वाजवता, एका टाळीला एक उडी. दोन्ही पाय जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटर उचलले तरी पुरे. मग दोरी दुमडून दोन्ही मुठी एकाच हातात द्यायच्या आणि बाजूला फिरवायला लावायची. दोरी जमिनीवर आपटल्याचा आवाज आला की उडी. हा टप्पा सगळे गाळतात आणि ताल नेमका इथेच बसतो. दोन्ही हातांनी हे जमलं की दोरी पाठीमागून पुढे आणायची, एक उडी मारायची, थांबायचं. पुन्हा एक उडी, पुन्हा थांबायचं. सलग उड्या त्यानंतर.

अडतं ते दोन ठिकाणी. मूल अख्खा हात खांद्यापासून फिरवतं, त्यामुळे दोरीचा फेरा वेडावाकडा होतो आणि हात लवकर भरून येतात. कोपर अंगाशी ठेवून मनगट फिरवायचं असतं. ते कळण्यासाठी दोन्ही काखांत एकेक हातरुमाल धरायला द्या, तो पडला की हात उघडला हे मुलाला आपोआप समजतं. दुसरी अडचण म्हणजे टाचा मागे उचलून किंवा गुडघे छातीशी आणून मारलेल्या उंच उड्या. त्या दिसतात छान, पण १५-२० उड्यांत दम संपतो. उतरताना आधी चवडा टेकला पाहिजे आणि गुडघे किंचित वाकलेले हवेत. फरशीवर अनवाणी नको, खाली जाड सतरंजी किंवा पायात बूट. फ्लॅटमध्ये राहत असाल तर खालच्या मजल्यावरच्यांसाठी हा भाग गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये घ्या.

लंगडी घरातल्या घरात दोघांतही होते. खडूने तीन मीटर बाय तीन मीटरचा चौकोन आखा. एकाने लंगडी घालायची, दुसऱ्याने आत पळायचं, बाहेर गेला की बाद. वेळ १५ सेकंद, मग पाय बदलायचा. पाय बदलण्याचा नियम कटाक्षाने पाळा. मुलं कायम आवडत्या पायावरच लंगडी घालतात आणि दुसऱ्या पायाचा तोल कच्चा राहतो. उचललेला पाय हाताने धरू देऊ नका, हात तोल सांभाळायला मोकळे हवेत. गुडघा ताठ ठेवून धपकन उतरणारं मूल दिसलं तर "आवाज न करता लंगडी" असा डाव लावा. आवाज ऐकू आला की पाळी गेली. "गुडघा वाकव" असं दहा वेळा सांगण्यापेक्षा हे लवकर लागू पडतं. पाच वर्षांच्या मुलाला १५ सेकंद फार होतात, त्याला पाच सेकंद द्या आणि चौकोन लहान करा.

आठ वर्षांची ताई आणि पाच वर्षांचा दादू एकत्र खेळत असतील तर आपल्याकडे पूर्वापार सोय आहेच, कच्चं लिंबू. पण कच्च्या लिंबाला बादच करायचं नाही, हे धाकट्याला एका वयानंतर आवडत नाही. त्याला खरं खेळायचं असतं. त्यापेक्षा धाकट्याला दोन जीव द्या किंवा ताईने लंगडीवर आणि त्याने दोन्ही पायांनी पळायचं, असं ठरवा. चुरस टिकते आणि ताईलाही पुरेशी मेहनत पडते.

झेल शिकवताना थेट टेनिसचा चेंडू हातात देणं ही नेहमीची घाई. चेंडू तोंडावर येतो, मूल डोळे मिटून मान फिरवतं आणि ती सवय पुढे वर्षभर जात नाही. आधी एक हलकी ओढणी वर उडवा. ती सावकाश खाली येते, नजर शेवटपर्यंत तिच्यावर राहते. मग फुगा, मग मोठा मऊ चेंडू एक टप्पा देऊन, मग बिनटप्प्याचा, आणि शेवटी लहान चेंडू. प्रत्येक पायरीवर दहात सात झेल आले की पुढे सरका. हा चेंडू घरीच होतो. तीन-चार जुने मोजे एकात एक घट्ट गुंडाळायचे, शेवटचा मोजा उलटा करून चढवायचा आणि तोंड दोऱ्याने शिवून टाकायचं. काच फुटत नाही, लागला तरी रडू येत नाही.

याच चेंडूने लगोरी. सात चकत्या लागतात. फरशीच्या तुकड्यांना धारदार कडा असतात, रचताना बोटं कापतात. त्यापेक्षा सुतारकामातले लाकडी तुकडे घासून घ्या, नाहीतर वेगवेगळ्या मापाची डब्यांची झाकणं चालतात. सगळ्यात खालची साधारण १२ सेंटिमीटर, वरची पाचेक. रेघ सहा वर्षांच्या मुलाला तीन मीटरवर, दहा वर्षांच्याला पाच मीटरवर. तीन फेकींत लगोरी फुटली नाही तर पुढच्या डावाला रेघ अर्धं पाऊल जवळ, पहिल्याच फेकीत फुटली तर अर्धं पाऊल लांब.

इथे फेकणाऱ्याचे पाय बघा. उजव्या हाताने फेकणारं मूल बहुधा उजवाच पाय पुढे टाकतं. मग कंबर वळत नाही, सगळा जोर एकट्या खांद्यावर येतो आणि चेंडू खाली आपटतो. रेघेपाशी खडूने दोन पावलं काढून ठेवा, डावं पुढे, उजवं मागे आणि आडवं. डावखुऱ्या मुलासाठी उलट. अंग बाजूला वळवून उभं राहायचं, कोपर खांद्याच्या उंचीला आणायचं आणि फेकल्यावर हात पलीकडच्या गुडघ्याकडे जाऊ द्यायचा.

दोघांतच खेळायचं तर एक अडचण येते. लगोरी फुटली की दुसरा लगेच चेंडू उचलून मारतो, रचायला वेळच मिळत नाही. तेव्हा नियम घाला की चेंडू उचलणाऱ्याने आधी ठरलेल्या भिंतीला हात लावून यायचं आणि मगच मारायचं, तेही गुडघ्याखाली. भिंत किती लांबची निवडायची, यावर चुरस ठरते.

नियम बदलताना कचरू नका. खो-खोसारख्या आपल्या खेळाचे नियमसुद्धा पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात १९१४ साली समिती नेमून बांधायला घेतले गेले आणि पुढेही ते बदलत आले. मुलांनाच नियम करू द्या, कागदावर लिहून भिंतीवर लावू द्या. भांडणं निम्म्याने कमी होतात.

सूर्यनमस्कारांची सुरुवात तीनपासून करा आणि दर आठवड्याला एक वाढवा, बारापर्यंत. पोट रिकामं हवं, जेवणानंतर निदान तीन तास जाऊ द्या. हात टेकून दोन्ही पाय मागे नेल्यावर कंबर खाली झोळीसारखी लोंबते, तिथे लक्ष ठेवा. डोक्यापासून टाचेपर्यंत एक रेघ हवी. जमत नसेल तर गुडघे टेकू द्या. कंटाळा आला की आकडे मुलाला मोजायला लावा आणि तुम्ही त्याच्या आकड्यावर नमस्कार घाला. मोठ्या माणसाला "अजून खाली" म्हणायची संधी कुठलंच मूल सोडत नाही.

एक गोष्ट अजिबात करू नका: गणित चुकलं म्हणून उठाबशा, भाऊ-बहीण भांडले म्हणून गच्चीला फेऱ्या. शिक्षा म्हणून केलेली हालचाल मुलाला पुन्हा आवडीने करावीशी वाटत नाही. खेळात बाद झालेल्यालाही बाजूला बसवून ठेवू नका. जो कच्चा असतो तोच आधी बाद होतो आणि सगळ्यात कमी खेळतो. त्याने भिंतीला हात लावून लगेच परत यावं.

पाच मुलं जमली की खो-खो सुरू होतो. तिघं एका ओळीत, अडीच पावलांवर, आलटून पालटून विरुद्ध दिशांना तोंड करून उकिडवी बसतात, दोन टोकांना पाण्याच्या बाटल्या म्हणजे खांब. एक पळणारा, एक पाठलाग करणारा. मागून पाठीला हात लावून मोठ्याने "खो" म्हणायचं, बसलेल्याने त्याआधी उठायचं नाही. दिशा घेतली की मागे फिरायचं नाही आणि मधली रेघ ओलांडायची नाही, हे दोन नियम पहिल्या दिवशी पुरेत. यासाठी सोसायटीतल्या शाळेत जाणाऱ्या मुलांची संध्याकाळची वेळ सांभाळा, घरशाळेचं वेळापत्रक त्यानुसार वळवा. गावात व्यायामशाळा, आखाडा किंवा मल्लखांबाचा वर्ग असेल तर आठवड्यातून दोन दिवस तिकडे पाठवाच. लाकडी मल्लखांब घरी शिकवायचा विषय नाही, त्याला खाली गादी आणि शेजारी जाणता माणूस लागतो.

विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पळण्याचे खेळ सकाळी आठच्या आत उरका, दुपारी झेल, तोल आणि सागरगोटे. कोकणातल्या पावसात लंगडी आणि ओढणीचे झेल ओटीवर होतात, फक्त ओल्या फरशीवर नकोत.

प्रगती बघायची असेल तर खेलो इंडियाच्या शालेय चाचण्या घरी घेण्याजोग्या आहेत. पहिली ते तिसरीच्या वयाला एका पायावर तोल आणि दोन चकत्यांवर आलटून पालटून हात टेकवण्याची चाचणी असते. चौथीपासून ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव, बसून पुढे वाकणं, पाठीवर झोपून ३० सेकंदांत जमतील तितक्या वेळा अर्धं उठणं आणि जोर. दर तीन महिन्यांनी एकदा पुरे. आकडे मुलाच्या स्वतःच्या वहीत, मागच्या आकड्यांशेजारी लिहायचे. भावंडांची वही वेगळी ठेवा. ६०० मीटरला मुलं पहिल्या ५० मीटरमध्येच जीव खाऊन पळतात आणि मग चालत येतात, म्हणून आधी दोन-तीन दिवस "गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने" पळायचा सराव द्या आणि मगच घड्याळ लावा.