शेवटून पहिला येणाऱ्याचा पगार

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. जुलै लागला की माझी संध्याकाळ टूर द फ्रान्ससमोर जाते. ही तीन आठवडे रोज एक टप्पा अशी चालणारी सायकल शर्यत; सगळ्या टप्प्यांची वेळ मिळून ज्याची सर्वांत कमी तो जिंकतो. घरी आलेला पाहुणा दहा मिनिटं टीव्हीकडे बघतो आणि ठरलेला प्रश्न टाकतो: "जिंकणार एक. मग बाकीचे दीडशे जण कशाला रक्त आटवतात? आणि जो कधीच जिंकत नाही, त्याला पोसतं कोण?"

पोसते संघाच्या जर्सीवर जिचं नाव असतं ती कंपनी, तेही राजीखुशीने. कशासाठी, हे सांगायला मी विजेत्यांकडे जात नाही, बेल्जियमच्या विम व्हान्सेव्हेनंटकडे जातो. हा गडी 2006, 2007 आणि 2008 अशी सलग तीन वर्षं टूरमध्ये शेवटचा आला. तिथे शेवटच्याला लाल कंदील म्हणतात, आगगाडीच्या शेवटच्या डब्याला लावतात तो. तीनदा हा मान मिळवणारा तो पहिलाच. दरवर्षी विजेत्याच्या मागे जवळजवळ चार तास. आणि तरीही बेल्जियमच्या लॉटरीचं नाव लावणाऱ्या लोटो संघाने त्याला पुन्हा पुन्हा टूरला नेलं. फुकटचा पगार द्यायला तो काही धर्मादाय संघ नव्हता.

त्याचं काम बघा. सायकल चालवताना खरा शत्रू रस्ता नाही, वारा. पुढच्याचं चाक धरून बसलेल्याची साधारण तिसऱ्या हिश्श्याची मेहनत वाचते. म्हणून संघाच्या म्होरक्याला आडोसा द्यायचा, वारा आपण अंगावर घ्यायचा. कोणी पुढे पळालं तर तासन्‌तास ओढून ते अंतर कमी करायचं. दुपारी ऊन चढलं की घोळक्यातून मागे सरकून संघाच्या गाडीपाशी जायचं. आतून एकेक बाटली हाती येते. दोन बाटल्या सायकलीच्या चौकटीला, तीन पाठीवरच्या खिशात, उरलेल्या जर्सीची चेन उघडून सरळ मानेशी नाहीतर पोटाशी कोंबायच्या. गारेगार प्लास्टिक घामेजल्या कातडीला चिकटतं, पाठीला पोक आल्यासारखं दिसतं. त्या चार किलो वजनानिशी पन्नासच्या वेगाने पळणारा घोळका गाठायचा, आठ जणांना पाणी वाटायचं, आणि तासाभराने पुन्हा तेच. शेवटचा घाट सुरू होतो तोवर याचं दिवसाचं काम संपलेलं असतं. तिथून पुढे तो मुद्दाम सोडून देतो. टीव्हीचा कॅमेरा तेव्हा कुठे पुढच्या लढतीकडे वळतो, आणि तुम्हाला वाटतं, हा मागे पडला.

पण सोडून देण्यातही गणित आहे. त्या दिवशीच्या विजेत्याच्या वेळेवर, रस्ता किती अवघड त्या हिशोबाने, ठरावीक टक्के सवलत मिळते. त्यापेक्षा उशीर झाला की गाशा गुंडाळायचा. म्हणून मागे पडलेले सगळ्या संघांचे लोक एकत्र येतात आणि जेमतेम मुदतीत पोचेल असा वेग धरतात. उद्यासाठी पाय वाचवायचे असतात ना.

2007 सालचं घ्या. पहिला टप्पा लंडनहून कँटरबरीला. व्हान्सेव्हेनंटच्या संघाचा स्प्रिंटर, म्हणजे शेवटच्या काही मीटरांत सुसाट सुटणारा, रॉबी मॅकइवन शेवटचे वीसेक किलोमीटर उरले असताना पडला. सहकाऱ्यांनी थांबून त्याला ओढत घोळक्यात परत आणलं, आणि पठ्ठ्याने तो टप्पा जिंकला. नाव त्याचं झालं, ते बरोबरच. पुढे आल्प्समध्ये तीन्यच्या टप्प्याला तोच मॅकइवन मुदतीत पोचला नाही म्हणून बाद झाला. लाल कंदीलवाला मात्र शेवटपर्यंत, म्हणजे पॅरिसपर्यंत टिकला. त्याच वर्षी त्याच संघाचा कॅडेल इव्हान्स एकूण यादीत दुसरा आला, विजेत्या कोंतादोरपेक्षा फक्त 23 सेकंद मागे. पुढच्या वर्षी पुन्हा दुसरा. म्हणजे दोन्ही वर्षी यादीतला दुसरा आणि शेवटचा एकाच जर्सीत होते.

जर्सीवरून आठवलं. रस्त्यावरच्या शर्यतीला तिकीट नसतं, पैसा येतो तो छातीवरच्या नावातून. या तीन वर्षांत लोटोच्या जोडीला आधी जीवनसत्त्वांचा ब्रँड होता, मग गरोदरपण तपासण्याच्या किटचा, मग घोरण्यावरच्या औषधाचा. आपली मुंबई-पुणे शर्यत बघितलेल्यांना घाटाचा राजा माहीत असतो. घोरण्याच्या औषधासाठी घाट चढणारे त्यांना नवीन असतील.

या सगळ्याला 'त्याग' म्हणायची पद्धत आहे. फ्रेंच सायकलपटू रने व्हिएतोचं 1934 सालच्या टूरमधलं छायाचित्र त्यासाठी हमखास पुढे केलं जातं: वीस वर्षांचा पोर, आपलं पुढचं चाक म्होरक्या आंतोनँ मान्यला देऊन कठड्यावर रडत बसलेला. मान्य जिंकला, व्हिएतो पाचवा. फोटो काळीज हलवणारा आहे, पण मला त्यापेक्षा व्हान्सेव्हेनंटचा मामला खरा वाटतो. तो मदत करायला नोकरीवर होता, आणि ती नोकरी त्याने चोख केली. आजही तसंच आहे: करार एक-दोन वर्षांचे, बक्षिसाची रक्कम संघात वाटून घ्यायची रीत, वरच्या श्रेणीतल्या संघांत वर्षाला चाळीस हजार युरोच्या वर किमान पगार. पाय साथ देईनासे झाले की करार नाही. विम 2008 साली थांबला आणि शेतीकडे वळला. मुलगा माउरी आता व्यावसायिक शर्यती करतो, पण तो घाट चढणाऱ्यांतला.

यावर पुढचा प्रश्न येतोच: शेवटच्याचं नाव होतं, तर कोणी मुद्दाम रेंगाळत नाही का? रेंगाळतात की! पूर्वी टूरनंतर गावोगावच्या शर्यतींची आमंत्रणं लाल कंदिलालाही मिळत, आणि हजेरीचे पैसे वेगळे. 1979 मध्ये ऑस्ट्रियाचा गेरहार्ट शोनबाखर आणि फ्रान्सचा फिलिप तेनियेर यांच्यात शेवटच्या जागेसाठी अशी जुंपली की घड्याळाविरुद्धच्या, म्हणजे एकेकट्याने धावायच्या टप्प्यात दोघांनी पाय आवरले. तेनियेरने जरा जास्तच आवरले, मुदत चुकवली आणि बाद झाला. संयोजक भडकले. 1980 साली त्यांनी नियमच काढला: ठरावीक टप्प्यांनंतर यादीत जो तळाला असेल त्याला घरी पाठवायचं. शोनबाखर त्यातूनही वाचला आणि पॅरिसला पुन्हा शेवटचाच पोचला.