कमाटीबागेतला वाघ आता दिसतोच असं नाही

बडोद्याला दांडिया बाजारात आत्याकडे उतरलं की आतोबा पहिल्याच चहाला विचारतात, "मग, कमाटीबाग?" म्हणजे पाटीवरची सयाजीबाग. सयाजीराव महाराजांनी 1879 साली ही बाग वसवली आणि प्राणिसंग्रहालयही तेव्हापासूनचं. या खेपेला मला तिथले बदल बघायचे होते. आतोबांना ते बदल कसे फसलेत हे मला दाखवायचं होतं.

त्यांची तक्रार सरळ आहे. "पूर्वी गजांपाशी उभं राहिलं की वाघाचा वास यायचा. आता तिकीट काढून झुडपं बघायची!" खरंच, बराच वेळ ताटकळूनही आम्हाला वाघाची नुसती पाठ दिसली, तीही पार पलीकडे, सावलीत. शेजारी एक बाबा मुलाला खांद्यावर घेऊन "जो, जो, पूंछडी!" म्हणत शेपटीवर समाधान मानत होता.

मला मात्र ते पाठ दाखवणं आवडलं. लहानपणी पाहिलेल्या पिंजऱ्यांना धुवायला सोपी म्हणून फरशी असे, समोर गज, आणि आत एकाच रेषेत येरझाऱ्या घालणारं जनावर. आम्ही पोरं म्हणायचो, वाघ चिडलाय. ती चीड नव्हती. अपुऱ्या जागेत, काही करायला नसलेलं जनावर असं चालत राहतं. 1992 मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आलं आणि मान्यता हवी तर आवार किती मोठं, सावली कुठे, पाणी कुठे, सगळ्याचे नियम लागू झाले. लोकांच्या नजरेआड जाता येणं हा जनावराचा हक्क आहे, असं मी आतोबांना म्हटलं. ते म्हणाले, "मग तिकिटाचे पैसे त्याने परत द्यावेत."

ज्या भागात आपल्याला प्रवेश नसतो, खरं काम तिथे असतं. आवारामागे खोल्या असतात. जनावर आत घेऊन मधलं दार पडलं की मगच माणसाने बाहेरचं आवार झाडायचं. ही शिस्त किती गरजेची, ते इथल्या पाणघोड्याने मार्च 2023 मध्ये दाखवलं. क्युरेटर आणि सुरक्षा पर्यवेक्षक दोघेही गंभीर जखमी झाले होते. पाण्यात डुंबणारा तो गोल गरगरीत प्राणी बघून पोरं खिदळत होती. आतोबा तिथे काही बोलले नाहीत.

आत फिरता येतं असं पक्षीघर छान आहे, पण मोबाइलवाल्यांची इतकी गर्दी की पोपटापेक्षा कोपरच जास्त लागले.

या जागेची खरी अडचण विश्वामित्री नदी. बाग नदीच्या दोन्ही काठांवर, भोवती शहर घट्ट बसलेलं. आवारं वाढवायची कुठे? वाढवली तरी पाणी येतंच. 31 जुलै 2019 ला एका दिवसात सुमारे 20 इंच पाऊस पडला; ऑगस्ट 2024 च्या पुरात तर एक मगर शहरातल्या अकोटा भागात घराच्या छपरावर जाऊन बसली होती. माणूस गच्चीवर चढतो, मगरही चढते. कुंपणातल्या हरणाने कुठे चढायचं? माझं मत विचाराल तर इथे जाती कमी ठेवाव्यात, आहेत त्यांना ऐसपैस जागा द्यावी आणि नवं जे काही बांधायचं ते उंचावर. नव्या पाहुण्यांची हौस दुसऱ्या गावांनी करावी.

बडोद्याला मगरी तर तशाही फुकटात आहेत. पुलावर रेंगाळलात आणि नशीब असलं तर खाली चिखलात ऊन खात पडलेली अस्सल रानटी मगर दिसते. आम्हाला दिसली. आतोबा कठड्यावर वाकून म्हणाले, "ही बघ, हिला कुणी आवार बांधून दिलं नाही!" मुद्दा त्यांच्या बाजूचा होता की माझ्या, यावर शेव-उसळीच्या दुकानापर्यंत वाद चालला.

जाणार असाल तर सकाळी जा, दुपारी सगळे झोपलेले असतात. आठवड्यातून एक दिवस बंद असतं, तो वार आधी विचारून घ्या.