जुना ०७१२ नंबर आणि इंटरनेटवरचा फोन: माझा अनुभव

फोन यंत्रणा विकायला येणारा माणूस आधी मोबाइलवरचं ॲप उघडतो. कोण किती वेळ बोललं, किती कॉल सुटले, रेकॉर्डिंग, रंगीत आलेख. दुकानासाठी इंटरनेटवर चालणारी फोन यंत्रणा घेताना मी तिन्ही विक्रेत्यांना पहिला प्रश्न एकच विचारला, आमच्या जुन्या लँडलाइनचं काय होणार? तिथेच दोन प्रस्ताव बाजूला पडले.

मोटारपंप आणि ठिबकचे सुटे भाग विकतो आम्ही. दुकान नागपुरात कॉटन मार्केटजवळ, गोडाऊन शहरालगतच्या वाडीला. पाच माणसांची बारा झाली, पण काटोल-नरखेडपर्यंतच्या विहिरींवर स्टार्टरच्या पेटीला चिकटवलेल्या स्टिकरवर तोच एक ०७१२चा नंबर. मोबाइल नंबर कंपनी बदलूनही कायम ठेवता येतो, ती सोय देशभर २०११ पासून आहे. लँडलाइनला ती नाही. "तुमचा नंबर आमच्याकडे आणून देतो" म्हणणारा प्रत्यक्षात कॉल फॉरवर्ड लावून देतो, म्हणजे जुन्या नंबरवरचा कॉल नव्या नंबरवर वळवतो. म्हणजे जुन्या लाइनचं भाडं भरायचं ते भरायचंच, वर वळवलेल्या कॉलचे पैसे वेगळे.

म्हणून ठरवलं ते असं: नवे नंबर परवानाधारक कंपनीच्या एसआयपी ट्रंकवर (एसआयपी ही इंटरनेटच्या तंत्राने कॉल जोडण्याची पद्धत, ट्रंक म्हणजे कंपनीकडून येणारी जोडणी) घ्यायचे, दुकानात छोटी आयपी पीबीएक्स, म्हणजे कॉल वाटून देणारं आपलं छोटं एक्स्चेंज, बसवायची, आणि जुनी लाइन एफएक्सओ गेटवेतून, म्हणजे साधी लाइन पीबीएक्सला जोडणाऱ्या डब्यातून, तिलाच जोडायची. सिमकार्डं घालून स्वस्त मिनिटं देणारे डबेही एकाने सुचवले होते. ते बेकायदा आहेत, त्यावर चर्चासुद्धा करू नये.

किती कॉल एका वेळी चालतील, म्हणजे चॅनेल किती घ्यायचे, हे अंदाजाने ठरवू नका. आठवडाभर वहीत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक कॉलची वेळ लिहिली. सगळ्यात गर्दी सकाळी साडेदहा ते साडेअकरा. त्या तासात सुमारे ४० कॉल, सरासरी ३ मिनिटांचे. ४० गुणिले ३ म्हणजे १२० मिनिटं, ६० ने भागलं की २ अर्लांग, म्हणजे त्या तासात सरासरी दोन लाइन सतत भरलेल्या. किती चॅनेलला किती कॉल परत जातील हे सांगणाऱ्या अर्लांग-बीच्या तक्त्यात २ अर्लांगला ५ चॅनेल घेतले तर शंभरातल्या साधारण ४ कॉलना एंगेज लागतो, ६ घेतले तर एकालाच. आम्ही ६ घेतले. विक्रेता पीआरआय, म्हणजे एकगठ्ठा ३० चॅनेलची डिजिटल लाइन, गळ्यात मारत होता! एक मात्र धरून चला: आलेला कॉल बाहेरच्या मोबाइलवर वळवला की तो दोन चॅनेल अडवतो. सेल्सची मुलं दिवसभर फिरतीवर असतील तर हिशेब बदलतो.

कागदपत्रं नेहमीचीच. जीएसटी प्रमाणपत्र, पॅन, जागेचा पुरावा, सही करणाऱ्याचं अधिकारपत्र. जागेची पाहणी होते, तेव्हा पाटीवरचं नाव आणि कागदावरचं नाव एकच हवं.

खरा वेळ खाल्ला तो गेटवेने. पहिल्याच दिवशी जुन्या लाइनवर एक कॉल आला, समोरच्याने फोन ठेवला, आणि लाइन दुपारपर्यंत अडकून राहिली. कारण असं की साध्या लाइनवर समोरचा फोन ठेवतो तेव्हा गेटवेला कळतं ते एंगेज टोन ऐकूनच. गेटवे अमेरिकेच्या सेटिंगवर आला होता: ४८० आणि ६२० हर्ट्झ एकत्र, अर्धा सेकंद वाजणार, अर्धा सेकंद गप्प. आपला एंगेज टोन ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद वाजतो, पाऊण सेकंद थांबतो. गेटवे बिचारा अमेरिकेतला टोन ऐकायची वाट पाहत बसला होता. ४०० हर्ट्झ, ७५० आणि ७५० मिलिसेकंद हे आकडे भरल्यावर दोन-तीन टोनमध्ये लाइन सुटायला लागली. कॉलर आयडीचंही तसंच. नंबर पाठवायच्या दोन पद्धती असतात, डीटीएमएफ आणि एफएसके. आमच्या लाइनवर तो डीटीएमएफने येतो, गेटवे एफएसकेवर होता, त्यामुळे प्रत्येक ग्राहक 'अननोन' दिसत होता.

बाहेर जाणाऱ्या कॉलसाठी एक नियम पीबीएक्समध्ये आठवणीने घालावा लागतो. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला लावताना आधी शून्य लागतो. दहा आकडी नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू झाला की शून्य आपोआप लागावा. आणि ०० ने सुरू होणारे परदेशी कॉल पहिल्याच दिवशी बंद करा, यंत्रणेत आणि कंपनीकडेही. पासवर्ड फुटला तर रात्रीतून हजारोंचं बिल येतं ते त्याच वाटेने.

वाडीचे चार फोन इंटरनेटवरून दुकानाच्या पीबीएक्सला जोडायचे होते. जी.७११ कोडेकवर (आवाजाचा डेटा करायची पद्धत) एका कॉलला प्रत्येक दिशेला साधारण ८७ केबीपीएस लागतात. चार कॉल म्हणजे ३५० केबीपीएस, आणि लाइन ५० एमबीपीएसची. तरी संध्याकाळी सहा वाजता आवाज तुटायचा. पिंग, म्हणजे संदेश जाऊन परत यायचा वेळ मोजणारी चाचणी, लावून ठेवलं तेव्हा दिसलं, दिवसभर १४ मिलिसेकंद आणि सहा वाजता ३८०. त्याच वेळी टॅलीचा बॅकअप आणि सीसीटीव्हीचं फुटेज वर चढत होतं. आवाजाची पाकिटं राउटरमध्ये त्यांच्यामागे रांगेत उभी. बोलण्याला एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत हवा. राउटरवर अपलोडची मर्यादा लाइनच्या ८५ टक्क्यांवर आणली, आवाजाला पहिला मान दिला, बॅकअप रात्री अकराला ढकलला. लाइन वाढवून घ्या, असा सल्ला मिळाला होता. त्याची गरज नव्हती.

दुसरी तक्रार होती बरोबर ३२ सेकंदांनी कॉल कटण्याची. हा आकडा दिसला की फोनला दोष देऊ नका. कॉल उचलल्याची पोच दुसऱ्या टोकाला पोहोचत नाही, तेव्हा एसआयपी अर्ध्या सेकंदाच्या ६४ पट थांबते आणि कॉल सोडते. पोच गिळत होता राउटरमधला 'एसआयपी एएलजी', म्हणजे एसआयपीच्या संदेशांत मधेच बदल करणारी सोय. तो बंद केला. नंतर दोन्ही राउटरमध्ये वायरगार्डचा व्हीपीएन (दोन जागांमधला बंदिस्त, खाजगी मार्ग) टाकला, म्हणजे एसआयपीचा ५०६० पोर्ट, तिचा नेहमीचा दरवाजा, बाहेरच्या जगाला उघडा ठेवावा लागला नाही.

गोडाऊनचं मागचं गेट रॅकपासून, म्हणजे राउटर-स्विच ठेवायच्या कपाटापासून, १४० मीटरवर. नेटवर्कची केबल १०० मीटरच्या पुढे भरवशाची नाही. तिथे जुन्या इंटरकॉमची तार पडून होती, ती एटीएच्या (साधा फोन इंटरनेट यंत्रणेला जोडणारा डबा) एफएक्सएस पोर्टला, म्हणजे साध्या फोनच्या खाचेला, जोडून तिच्यावर साधा फोन लावला. खणखणीत वाजतो.

रॅक गोडाऊनच्या टिनाखाली ठेवू नका. स्विचवर चाळीस अंशांपर्यंत असं लिहिलेलं असतं, आणि मे महिन्यात बाहेरच पंचेचाळीस. दुकानात रॅक छातीएवढ्या उंचीवर ठोकला. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून शहरात पाणी शिरलं ते कोणी विसरलेलं नाही. वीज गेल्यावर इन्व्हर्टर सुरू होतो, तरी राउटर रीस्टार्ट होत होता. इन्व्हर्टरच्या मागचा खटका 'यूपीएस'वर करायचा राहिला होता. तो तसा केला नाही तर प्रत्येक झटक्याला फोन पुन्हा चालू व्हायला दोन-तीन मिनिटं जातात.

सिमेंट रस्त्याच्या खोदकामात केबल तुटते, हे गृहीतच धरलं. ट्रंक बंद पडली की नवे नंबर आपोआप दोन मोबाइलवर वळतील, असं कंपनीकडून लेखी घेतलं आणि केबल स्वतः उपटून तपासलं.

स्वागताचा संदेश आधी बावीस सेकंदांचा होता, लोक मधेच फोन ठेवायचे. आता नऊ सेकंद: "नमस्कार. सुट्या भागांसाठी एक, ठिबकसाठी दोन, बिलासाठी तीन दाबा." जुन्या नंबरवर मात्र तो लावलाच नाही. त्या नंबरवर फोन करणारा "भाऊ, पट्टा आला का?" असं थेट विचारतो, म्हणून तो कॉल सरळ काउंटरवर वाजतो. दिवसाला अजून आठ-दहा येतात. नवीन स्टिकरवर दोन्ही नंबर छापलेत.