आमची वाटचाल : उलथन्यापासून हीट गनपर्यंत

मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात दोन-तीन वर्षं अशी गेली की, प्लास्टिकची कयाक, म्हणजे वल्ह्यानं चालवायची छोटी होडी, फुटली तर भंगारात घाला, तिला दुरुस्ती नाही, असं जो तो छातीठोकपणे सांगायचा. हे कुणी पसरवलं ते मला माहीत आहे. त्यापायी आमच्या शेडला कुलूप लागायची वेळ आली होती. आज शेड उभी आहे, रॅकवर अकरा कयाक कुशीवर झोपवून ठेवल्या आहेत, म्हणून हे सगळं एकदा लिहून टाकतो.

आमचा मूळ धंदा पाण्याच्या टाक्या सांधायचा. मी आणि माझा मावसभाऊ. स्कूटरवर छोटा गॅस, आईचं जुनं लोखंडी उलथनं आणि फुटक्या टाक्यांच्या कापून ठेवलेल्या पट्ट्या, एवढंच भांडवल. गच्चीवरची टाकी उन्हानं तडकली की लोक आधी एम-सील फासायचे, महिन्याभरात ते पापुद्र्यासारखं सुटायचं, मग आम्हाला बोलावणं. उलथनं लाल होऊ द्यायचं नाही. लाल झालं की प्लास्टिक जळतं, काळा धूर येतो आणि तो सांधा कधीच धरत नाही. पट्टी उलथन्याला टेकवली की मेणासारखी ओघळायला हवी, धूर न येता. ती वेळ ओळखायला भावाला चार दिवस लागले, मला महिना. हात त्याचाच खरा होता, मी हिशेब आणि बोलणी बघायचो.

पहिली कयाक आली ती देवबागच्या काकींची. त्यांच्याकडे घरगुती राहायची-जेवायची सोय आहे आणि पाहुण्यांना कर्ली खाडीत, कांदळवनाच्या कडेनं फिरायला दोन पिवळ्या कयाक. टाकी सांधून आम्ही निघालो होतो, तर काकींनी परसात नेलं. एका कयाकीच्या बसायच्या जागेतलं पाणी खाली जायचं भोक कडेनं चिरलं होतं, पाणी आत भरत होतं. मी म्हटलं, होडीचं काम आम्ही कधी केलं नाही. काकी म्हणाल्या, "टाकी सांधलंस मां, मग ही होडी कित्याक जमाची नाय?"

भावानं सुरीनं एक बारीक साल काढली. पाण्यात टाकली, तरंगली. काडी लावली, मेणबत्तीसारखी जळली, थेंब गळले, वासही मेणाचाच. म्हणजे टाकीचंच प्लास्टिक, पॉलिथिलीन. टाकी ज्या रीतीनं होते त्याच रीतीनं कयाकही होते : साच्यात भुकटी घालायची, साचा भट्टीत गोल फिरवायचा, भुकटी वितळून आतल्या बाजूनं सगळीकडे सारखी बसते. दोन्ही एकाच आईची लेकरं. दुपारी दोनला बसलो ते साडेचारला उठलो. मी दीडशे मागितले, काकींनी दोनशे दिले आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्यांची कयाक आमच्याकडे पाठवली.

तिथून पुढची वर्षं बरी गेली, त्यांत सांगण्यासारखं फार नाही. हत्यारांबद्दल मात्र सांगतो, कारण आमचं खरं शिक्षण तिथे झालं. उलथनं सुटलं आणि गरम हवा फेकणारी, तापमान दाखवणारी हीट गन आली. पॉलिथिलीन साधारण १२० ते १३० अंशांना वितळतं, पण गनच्या तोंडाशी हवा २७५ ते ३०० अंशांची लागते, कारण अर्धी उष्णता वाऱ्यावरच जाते. देवबागला संध्याकाळी खारा वारा सुटला की मी शटर अर्धं खाली ओढतो. सांधा भरायची कांडी विकत मिळते, पण आम्ही शक्यतो त्याच जातीच्या मोडक्या कयाकीतून पट्टी कापतो. आणि तासायला हवी पोलादी पट्टी. भावानं जुन्या हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा सहाणेवर घासून तिला अशी धार आणली होती की नखावर धरली तरी कळायची. ती अजून माझ्या खिशात असते.

पॉलिश पेपर कुणी वापरू नका. पॉलिथिलीनवर पॉलिश पेपर मारला की ते गुळगुळीत होत नाही, त्याला लव फुटते, आणि ती लव पाण्यात होडीला ओढ लावते. पट्टीनं तासा, मग वाटलं तर गन लांबून भरकन फिरवा, पृष्ठभाग चकाकला की थांबा.

आता त्या माणसाचं. नाव लिहिणार नाही. फायबरच्या होड्या दुरुस्त करण्यात त्याचा हात चांगला आहे, अर्ध्या किनाऱ्यावरचे रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे, आणि ट्रॉलरवाले त्याच्याकडे जातात, ते मी कधी नाकारलं नाही. पण त्यानं कयाकीला हात घातला. तारकर्लीच्या एका मोठ्या रिसॉर्टच्या अठरा कयाक होत्या, तीन हंगाम आम्हीच सांभाळलेल्या. चौथ्या वर्षी आम्ही एका कयाकीला चौदाशे सांगितले, त्यानं सहाशे. काम त्याला गेलं. त्यानं काय केलं, तर फायबरला करतात तेच : रेझिन, ते कडक करणारं हार्डनर, काचेच्या धाग्यांचं मॅट, वरून पिवळा रंग. दिसायला आमच्या कामापेक्षा शंभर पटींनी सुंदर. आमचा सांधा उठून दिसतो, बाळंतिणीच्या पोटावरच्या टाक्यासारखा. त्याचा दिसतच नव्हता.

पण पॉलिथिलीनला काहीच चिकटत नाही. मेणावर पाण्याचा थेंब टाका, तो पसरत नाही, गोळा होऊन बसतो. रेझिनचंही तेच होतं. त्याला धरायला जागाच मिळत नाही, ते नुसतं वर बसून कडक होतं. फायबर वाकत नाही आणि कयाकीचं बूड प्रत्येक लाटेला, प्रत्येक पाहुण्याच्या वजनाला वाकतं. नाताळच्या गर्दीत, ऐन २५ डिसेंबरच्या आठवड्यात, अठरातल्या तेरा कयाकींची ठिगळं उठली. एका कुटुंबाची कयाक खाडीत मध्यावर भरली. लाइफ जॅकेट होती म्हणून निभावलं.

मला वाटलं, आता आम्हाला बोलावतील. बोलावलं नाही. त्या माणसानं सांगितलं की, प्लास्टिकचा हा दोषच आहे, त्याला कोणतीही दुरुस्ती टिकत नाही. मॅनेजरनं ते मान्य केलं, कारण ते मान्य करणं त्याला सोयीचं होतं. आणि मग आमचं मागच्या हंगामाचं तेवीस हजारांचं बिल अडवलं. म्हणाला, तुमचीही वेल्डिंग अशीच सुटणार असेल. आमचे तीन हंगामांचे सांधे त्याच कयाकींवर, त्याच्या ठिगळांच्या शेजारी, जसेच्या तसे होते. मी मॅनेजरला पुळणीवर नेऊन बोट ठेवून दाखवले. त्यानं मोबाइलवरून मान वर केली नाही. हे मी आजही विसरलेलो नाही.

तारकर्लीत बोललेलं देवबागला अर्ध्या तासात पोचतं. हंगामाच्या मध्यावर आमचं काम चार-पाच कयाकींवर आलं. मोठ्या हॉट एअर मशीनचा हप्ता डोक्यावर. त्यात २०२० चा मार्च, पर्यटन बंद. भावाचं लग्न ठरलेलं होतं. तो एका रात्री जेवताना म्हणाला, दादा, मी गोव्याला जातो, तिथे बोटयार्डात काम आहे. मी अडवलं नाही. काय तोंडानं अडवणार? जाताना ती पोलादी पट्टी त्यानं माझ्या टेबलावर ठेवली. वर्षभर मी एकटा पुन्हा टाक्या सांधत फिरलो, स्कूटरच्या मागे गॅस बांधून, चाळिशीत.

१६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ आलं. आमच्या शेडचे सात पत्रे उडाले. देवबागला माडांच्या बुंध्यांवर, चिऱ्याच्या गडग्यांवर होड्या आपटून पडल्या होत्या. कयाकी वाऱ्यानं परसांपरसांतून फेकल्या गेलेल्या. काकींची एक तर शेजाऱ्याच्या विहिरीच्या कठड्यावर अडकली होती, बुडाला वीतभर भेग. नवी घ्यायला पैसे कुणाकडेच नव्हते. काकींनी फोन केला, मी गेलो, वीज नव्हती तेव्हा शेजाऱ्याच्या जनरेटरवर काम केलं.

ते काम सविस्तर सांगतो. भेगेच्या दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरचं भोक पाडलं, नाहीतर भेग पुढे पळते. मग भेगेवर इंग्रजी व्हीसारखी चर कोरली, जाडीच्या पाऊण भागापर्यंत. दोन्ही बाजूंना बोटभर रुंद जुनी कातडी तासून काढली, कारण उन्हानं वरचा थर मेलेला असतो आणि मेलेल्यावर जिवंत प्लास्टिक बसत नाही. स्पिरिटनं पुसलं, त्यानंतर बोट लावलं नाही. गननं आधी कयाक तापवली. नवखा माणूस नेमका कांडीच तापवतो, कयाक थंड राहते, सांधा वरवर बसतो आणि नखानं निघतो. चर ओली दिसायला लागली, काचेसारखी, की त्याच क्षणी कांडी दाबायची. दोन्ही एकमेकांत मिसळले की कांडीच्या दोन्ही कडांना बारीक मणी उठतात. ते मणी आले नाहीत तर पुन्हा करायचं. तीन कांड्यांचा थर भरला, ओलं फडकं न टाकता आपोआप निवू दिलं. घाईनं थंड केलं की सांध्याशेजारी तडा जातो.

काकींनी ती कयाक पंधरा दिवस रस्त्याकडेला, बूड वर करून ठेवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून दाखवायच्या. त्या पावसाळ्यात आमच्याकडे चौतीस कयाक आल्या. त्यांत रिसॉर्टच्याही अकरा होत्या. मी आधी जुने तेवीस हजार मोजून घेतले, मग टेम्पोतून माल उतरवला. सगळ्यांच्या बुडाला रेझिनच्या खपल्या लोंबत होत्या, आणि त्या काढायलाच तीन दिवस गेले. तीन कयाकी मी परत पाठवल्या. पट्टीनं साल काढली की ती लांब, गुंडाळी होऊन आली पाहिजे. भुकटी पडली तर समजा, ते प्लास्टिक उन्हानं संपलं, त्याला सांधणं म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणं. मॅनेजर म्हणाला, करून द्या, पैसे देतो. नाही दिल्या.

एक जात अशीही असते की कितीही तापवा, वितळतच नाही, नुसती करपते. ती क्रॉस-लिंक्ड, म्हणजे आतले धागे एकमेकांना कायमचे बांधलेलं पॉलिथिलीन. तिला वेल्डिंग नाही, हे आधीच सांगायचं धैर्य ठेवा.

ओरखड्यांसाठी मात्र धावत येऊ नका. बूड पाच-सहा मिलिमीटर जाड असतं. एक मिलिमीटरचे ओरखडे कालवांच्या खडकावरून गेलेल्या प्रत्येक कयाकीला असतात. फक्त उठलेले काटे तासा. जीव जातो तो मागच्या टोकाचा. दोघांनी पुढून उचलायचं आणि मागचं टोक जांभ्याच्या पायऱ्यांवरून फरफटत न्यायचं, ही सवय दोन हंगामांत तिथे भोक पाडते. चौघांनी उचला, नाहीतर सुंभाच्या गुंडाळीवरून सरकवा. बुडाला खड्डा पडला असेल तर मे महिन्याचं दुपारचं ऊन द्या किंवा गरम पाणी ओता आणि आतून हातानं दाबा, बहुतेक वर येतो. गाडीच्या टपावर पट्टा करकचून आवळून उन्हात ठेवाल तर खड्डा तुम्हीच पाडाल. पावसाळ्यात गोड्या पाण्यानं धुऊन, सावलीत, कुशीवर ठेवा. हँडलला टांगू नका.

भाऊ मागच्या गणपतीला आला तो राहिलाच. आल्या आल्या त्यानं माझ्या खिशातली पट्टी मागून घेतली, धार बघितली आणि काही न बोलता सहाणेकडे गेला. सध्या त्याच्यासमोर काकींची तीच पिवळी कयाक आहे. मागचं टोक सातव्यांदा भरायचं आहे. या वेळी पिवळी कांडी संपली होती, म्हणून फोन करून विचारलं, काळी चालेल का. काकी म्हणाल्या, "काळीच घाल. खय खय सांधलंस ता दिसाक होया."