आईकडून लांडगा

डबीवर एवढंच लिहिलेलं होतं: लांडग्याची विष्ठा, ताजी, अल्कोहोलमध्ये. सोबतच्या कागदावर एक ओळ: ‘कळपातला एक नर फिकट दिसतो, शुद्ध आहे का?’

मायटोकॉन्ड्रियल चाचणीचं उत्तर आलं, लांडगा. अहवाल मागवणाऱ्यांचं तेवढ्यावर समाधान होत होतं. पण हा डीएनए फक्त आईकडून येतो आणि रानातला संकर बहुतेक वेळा लांडग्याची मादी आणि कुत्र्याचा नर असाच होतो. म्हणजे जिथे संकर झालाय, नेमकी तिथेच ही चाचणी ‘लांडगा’ म्हणते. हे ठाऊक असूनही एवढ्या एकाच चाचणीवर शुद्धतेचा दाखला देणारे आहेत, त्यांची मला चीड येते.

म्हणून वाय गुणसूत्र तपासलं, ते नराला फक्त बापाकडून मिळतं. ते कुत्र्याचं निघालं.

मग केंद्रकातल्या, म्हणजे आईबाप दोघांकडून आलेल्या डीएनएचे 18 मार्कर, तुलनेसाठी ठरवलेल्या जागा. इथे वेळ जातो. पेशी विष्ठेच्या वरच्या चकाकत्या थरात असतात; आतून खरवडलं तर भक्ष्याचाच डीएनए जास्त येतो. पीसीआर, म्हणजे एन्झाइम वापरून डीएनएच्या प्रती वाढवणं, चाललीच नाही, तर अर्क दहापट पातळ करायचा, कारण विष्ठेतले घटक एन्झाइमला अडवतात. प्रत्येक मार्करची दोन रूपं असतात, एक आईचं, एक बापाचं; त्यांना अलील म्हणतात. डीएनए कमी असला की दोनपैकी एक गळतो आणि दोन्ही सारखेच असल्याचं खोटंच दिसतं. त्यामुळे दोन वेगळे अलील दोनदा दिसले तरच धरायचे, एकच दिसत असेल तर तीनदा. पहिल्या फेरीत तुलनेला जातिवंत कुत्र्यांचे नमुने होते, तेही चुकीचं. कळपाशी गाठ पडते ती मोकाट कुत्र्यांची. त्यांचे नमुने घालून गणित पुन्हा केलं.

लांडग्याचा वाटा 0.74 आला, पण अनिश्चितता 0.58 ते 0.89. पहिल्या पिढीच्या संकराचा अपेक्षित वाटा 0.50, तो परत लांडग्याशी जुळला तर पिल्लांचा 0.75, पुढच्या पिढीत 0.875. शेवटच्या दोन्ही शक्यता या पट्ट्यात बसतात. काहीही धरलं तरी एक गोष्ट टळत नाही: बापाकडून आलेलं वाय कुत्र्याचं आहे आणि वाटा निम्म्याहून जास्त लांडग्याचा आहे, म्हणजे बापच संकरित होता आणि त्याची वीण झाली. याची भावंडंही असणार.

नर मारला गेला की मादीला जोडीदार उरत नाही आणि कुत्रा तयारच असतो, वर्षभर. मूळ दुखणं तिथे आहे. मला विचारलंय मात्र या एका नराचं काय करायचं. मारू नका, वृषणंही काढू नका, शुक्रवाहिन्या बांधा. हार्मोन शाबूत राहिले तर तो जागा राखतो आणि नवा कुत्रा आत येत नाही. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात तांबड्या लांडग्यांसाठी कोयोटींवर, म्हणजे लांडग्यांच्या तिथल्या लहान भाऊबंदांवर, हेच केलं. अवघ्या 14 मूळ जनावरांपासून वाढवलेली ती जात कोयोटींत विरघळायला निघाली होती.

पण आधी भावंडं सापडायला हवीत. त्याच कळपाच्या आणखी सात डब्या फ्रीझरमध्ये आहेत. यावेळी नरांचं वाय सर्वांत आधी लावणार आहे.