पॅरिसमधली बंद सर्कस आणि ‘लिटल ऑल राइट’

मे महिन्यात पॅरिसजवळच्या जिव्हर्नी गावाला जाणार असाल तर सोबत सहनशक्ती भरपूर न्या. चित्रकार क्लोद मोनेच्या पिवळ्याधमक जेवणघरात भिंतीभर जपानी चित्रं आहेत, होकुसाई, हिरोशिगे, उतामारो अशा चित्रकारांची. पण बघू कोण देतंय! मागून रेटा, पुढे सेल्फी. त्यात कुणीतरी ‘हाऊ झेन!’ म्हणून सुस्कारा सोडला आणि माझं डोकंच फिरलं.

लूव्र, आयफेल वगैरे यथासांग झालं. मला ओढ होती ती पॅरिसच्या रू आमेलो रस्त्यावरच्या सर्क दिव्हेरची, म्हणजे हिवाळी सर्कशीची. १८५२ मध्ये उघडलेली ही सर्कशीची वीस बाजूंची इमारत, दाराशी दोन घोडेस्वार पुतळे. ऐन मोसमात न गेल्यामुळे दार बंद.

“दादा, बंद आहे रे हे. चल ना, फलाफल खाऊ,” बहीण म्हणाली.

“थांब गं जरा!”

या इमारतीचं नाव आधी सर्क नापोलेओं होतं. १८६७ च्या जागतिक प्रदर्शनासाठी पॅरिसमध्ये जग लोटलं होतं, तेव्हा इथे ‘इम्पीरियल जॅपनीज ट्रूप’चे खेळ झाले. शाही कसले! एदो (आजचं टोकियो) आणि ओसाकाच्या जत्रांमधून डोंबाऱ्यांसारखं पोट भरणारे हे लोक. ‘इम्पीरियल’ ही त्यांना परदेशी घेऊन आलेल्या रिस्ली नावाच्या अमेरिकन कसरतपटूची जाहिरातबाजी. दोनशेहून जास्त वर्षं जपानी माणसाला देश सोडायला बंदी होती. ती १८६६ मध्ये उठली आणि पासपोर्ट नंबर १ मिळाला तो याच मंडळीतल्या सुमिदागावा नामिगोरोला. व्यापारी नव्हे, सरदार नव्हे, चक्क जादूगार! त्यावर फोटो नव्हता. नाक, डोळे, उंची यांचं वर्णन लिहून दिलेलं.

हामाइकारी सादाकिची उताणा झोपून दोन्ही पाय वर करायचा. तळपायांवर उभी शिडी तोलायची आणि तिच्या टोकाशी उमेकिची नावाचं पोरगं. खाली पाय जरा हलला की वर केवढा झोका बसत असेल! तेवढ्यात वरून पोरगं ओरडायचं, “ऑल राइट!” लोक वेडे व्हायचे. पॅरिसला येण्याआधी अमेरिकेत त्याचं नावच ‘लिटल ऑल राइट’ पडलं होतं. तिथले राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन या मंडळींना व्हाइट हाऊसमध्ये भेटले.

माझा राग इथेच आहे. जपानी चित्रांखाली चित्रकाराचं नाव आलं, प्रतिष्ठा आली. जिवंत माणसं आली त्यांना मात्र तिकीट लावून बघितलं आणि हाक मारायला सोपं टोपणनाव चिकटवलं. मंडळीचा व्यवस्थापक ताकानो हिरोहाची प्रवासभर रोजनिशी लिहीत होता, म्हणून निदान त्यांच्या बाजूने काही शिल्लक राहिलं. इमारतीभोवती पूर्ण चक्कर मारली, या लोकांच्या नावाची पाटी काही मला दिसली नाही.

मग गेलो फलाफल खायला. रांग पार कोपऱ्यापर्यंत, आणि तिथे मात्र बहीण हूं की चूं न करता उभी राहिली.