द्विधा, संमिश्र की घालमेल?

'द्विधा' म्हणजे दोन प्रकारे, दोन भागांत. समोर दोन वाटा असून निवड होत नसेल, तर मन द्विधा होतं. मुलगी शिकायला परदेशी निघाली, तिकीटही काढून झालं. आता ठरवायचं काही उरलेलं नाही, पण आनंद आणि काळजी एकदमच दाटून येतात. इथे 'संमिश्र भावना' बरोबर. हा शब्द जरा अहवालातला वाटतो खरा. बोलताना 'आनंदही होतोय आणि जीवही तुटतोय' एवढं पुरतं. 'घालमेल' जास्त अस्वस्थ: ती जिवाची होते, बहुधा वाट पाहताना. 'द्विधा' नाम नाही, म्हणून 'माझी द्विधा झाली' खटकतं. 'मनःस्थिती द्विधा झाली' म्हणावं. आणि त्या 'मनःस्थिती'तला विसर्ग लिहिताना हमखास गळतो.